हे ते कारभारी नव्हेत

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा वाचनालयातून आणलेली माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी तिच्या उशाशी पडून होती. आठवड्यानं डावा डोळा व्हायचा होता. “तोवर तूच वाचून दाखव की रे,” ती म्हणाली. “पहिल्यापासून घे.”

मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली नव्हती. वाचत नव्हतो असं नाही. म्युच्युअल फंड, मधुमेह, उद्योगपतींची चरित्रं, ज्यातून काही हाती लागेल ते सगळं वाचायचो. जे घडलंच नाही ते कशाला वाचायचं, हा माझा अगदी मनापासूनचा प्रश्न होता.

तिसऱ्या रात्री आई झोपल्यावर मी पुस्तक हळूच उचललं. म्हटलं, दोन पानं पुढची पाहू. मान वर केली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. डोंबिवलीतल्या त्या खोलीत पंखा चालू होता, पण मी तिथं नव्हतोच. मी धनगरांच्या वाडीत होतो. आणि हातात काय होतं? पांढऱ्या कागदावरच्या काळ्या खुणा. त्या रात्रीपासून मला दुसरं काही सुचेना. हे होतं तरी कसं?

सुरुवात डोळ्यापासूनच करू. वाचताना नजर ओळीवरून सरकते असं आपल्याला वाटतं. ती सरकत नाही, उड्या मारते. सेकंदाला तीन-चार वेळा थबकते, घोटभर अक्षरं उचलते आणि पुढं झेपावते. उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि तरीही ओळ कुठं तुटल्यासारखी वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एमिल जाव्हाल या नेत्रतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत लामार नावाच्या सहकाऱ्यानं वाचणाऱ्याच्या पापणीला नळी जोडून या उड्या चक्क कानांनी ऐकल्या. वाचणाऱ्या डोळ्याचा आवाज! जाव्हालची स्वतःची दृष्टी पुढे काचबिंदूनं गेली. आईच्या डोळ्यावरची हिरवी पट्टी बघताना मला त्याची फार आठवण यायची.

डोळ्यानं उचललेली अक्षरं ओळखायला मेंदूत जन्मजात जागा नाही. लेखनकला जेमतेम पाच हजार वर्षांची. उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ काहीच नाही. मग मेंदू वस्तू नि चेहरे ओळखण्याच्या भागातला एक तुकडा, डाव्या बाजूला मागे खाली असलेला, अक्षरांच्या कामाला लावतो. स्तानिस्लास देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या माणसांचे मेंदू तपासले. त्यांत निरक्षर होते, लहानपणी शाळेत गेलेले होते आणि मोठेपणी अक्षरं गिरवलेलेही होते. मोठेपणी शिकलेल्यांच्या मेंदूतही तो तुकडा अक्षरांना प्रतिसाद देत होता. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं. मुळाक्षरंच जर त्या वयात मेंदूत घर करू शकतात, तर गोष्टीला उशीर कसला?

पण अक्षरं ओळखणं निराळं आणि वाडीत जाऊन पोहोचणं निराळं. खरी जादू पुढंच आहे.

कादंबरीत शेकू नावाचा एक गरीब धनगर आहे. औताला दुसरा बैल नाही म्हणून त्याची बायको स्वतः जुवाखाली खांदा देते. हे मी आईला मोठ्यानं वाचत होतो आणि माझाच खांदा आखडला. 2009 मध्ये अमेरिकेत निकोल स्पीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना स्कॅनरमध्ये गोष्ट वाचायला दिली होती. गोष्टीतला मुलगा एखादी वस्तू हातात घेई, तेव्हा वाचणाऱ्याच्या मेंदूत हाताच्या हालचालींशी निगडित भाग जागे होत. त्याआधी 2006 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांना आढळलं होतं की दालचिनीसारखे वासाचे शब्द नुसते वाचले तरी वासाशी संबंधित भाग सळसळतात.

इथं माझी गाडी अडली. वाडीतला मेंढरांचा वास मला येत होता, पण मेंढवाडा मी आयुष्यात पाहिलेला नाही. मग तो वास आला कुठून? बऱ्याच विचारानंतर उलगडलं. आजोळी पावसात भिजलेली आजोबांची घोंगडी चुलीजवळ वाळत घालायचे, तो वास होता तो. माडगूळकरांनी वाडी लिहिली, वास माझ्या घरचा लागला.

हेच पुस्तक कॉलेजात असताना आमच्या कपाटात होतं. चार पानं वाचून मी ठेवून दिलं होतं. तेव्हा माझ्यापाशी देण्यासारखं होतंच काय? पुढं बाविसाव्या वर्षी नोकरीनं चंद्रपूरला टाकलं. अनोळखी गाव, भाड्याची खोली आणि पहिल्या दिवशी आपल्याला कुणी मोजणार नाही ही पोटातली भीती. एकशिक्षकी शाळेवर रुजू व्हायला निघालेला कादंबरीतला तो कोवळा मास्तर मला बेचाळिसाव्या वर्षी ओळखीचा वाटला तो त्यामुळे. पुस्तक 1955 साली छापलं तेव्हा होतं तसंच होतं, माझी शिदोरी वाढली होती.

कथा वाचल्यानं दुसऱ्याचं मन जास्त कळू लागतं, असा एक प्रयोग 2013 मध्ये फार गाजला. पुढे इतरांनी तो करून पाहिला तेव्हा तसाच निकाल भक्कमपणे हाती आला नाही. मला त्याची खंत वाटत नाही. फायद्यासाठीच वाचायचं या सवयीनं तर मला वीस वर्षं या दारापासून दूर ठेवलं होतं.

एका संध्याकाळी आईचा नि माझा वाद झाला. वाडीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याला समोरचा एक दात नाही, असं ती म्हणाली. मी पानं चाळली, मला तसं कुठं सापडेना. मग तिच्या लक्षात आलं की दात तिच्या तात्यामामांना नव्हता. माझा कारभारी सडसडीत होता, कमरेत किंचित वाकलेला, चंद्रपूरच्या माझ्या घरमालकांसारखा. बहिणीला फोन करून विचारलं, तर तिला कुणाचाच चेहरा दिसत नाही! डोळे मिटल्यावर चित्र उमटतच नाही अशी माणसं असतात. ॲडम झेमन यांनी 2015 मध्ये या अवस्थेला अफँटेझिया हे नाव दिलं. पण कारभारी मास्तरावर रुसतो तिथं तिच्या घशात आवंढा येतो, दर वेळी येतो. चित्राशिवाय तिच्यापर्यंत काय पोहोचतं, हे मी तिला अजून विचारतो आहे.

दोन्ही डोळे बरे झाल्यावर दुष्काळाचा शेवटचा भाग आईनं माझ्याकडून वाचून घेतला नाही. खिडकीपाशी बसून तिनं तो एकटीनं वाचला आणि बराच वेळ पुस्तक मांडीवर तसंच ठेवलं.

त्या दिवाळीत आम्ही अमोल पालेकरांचा 1995 सालचा ‘बनगरवाडी’ चित्रपट लावला. कारभारी पडद्यावर आले तशी आई म्हणाली, “हे ते नव्हेत.”

“नव्हेतच,” मी म्हणालो.

आमचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. तिच्या डोळ्यांपुढं तात्यामामा होते आणि माझ्या डोळ्यांपुढं चंद्रपूरचे घरमालक.