तळहाताएवढं ऊन

दापोलीकडच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि नंतर कित्येक दिवस आमच्याकडे वीज नव्हती. यंदा पावसाळ्याआधी २०,००० एमएएचची सोलर पॉवरबँक घेऊन ठेवू का?’

पॉवरबँक जरूर घ्या. तिच्या पाठीवरच्या सोलर पट्टीसाठी मात्र जादा पैसे मोजू नका. भर दुपारी चौरस मीटरभर जागेवर साधारण १००० वॉट ऊन पडतं. ८ बाय १५ सेंटिमीटरच्या पट्टीच्या वाट्याला येतात १२ वॉट. चांगला सेल त्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलतो, म्हणजे जेमतेम अडीच वॉट. पॉवरबँकेत मावतात ७४ वॉट-तास. ती भरायला तीस तास कडक ऊन हवं, म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा सहा दिवस! शिवाय पट्टीबरोबर आतली लिथियम बॅटरीही उन्हात तापत राहते, ते तिला अजिबात मानवत नाही.

खरं तर आजच्या सिलिकॉन सोलर सेलचा जन्मच दमट हवेच्या अडचणीतून झाला. उष्ण, दमट मुलखात टेलिफोनचे कोरडे सेल लवकर खराब होत. त्यावर तोड शोधण्याचं काम अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डॅरिल चॅपिन यांच्याकडे आलं. त्यांनी सेलेनियम वापरून पाहिलं, पण उन्हातली एक टक्काही ऊर्जा हाती लागेना. तेव्हा सहकारी जेराल्ड पिअरसन यांनी त्यांना सिलिकॉनकडे वळवलं, केल्विन फुलर यांनी त्यात नेमकी अशुद्धी मिसळली आणि २५ एप्रिल १९५४ रोजी सहा टक्क्यांच्या सेलवर खेळण्यातला आकाशपाळणा गरगर फिरला! त्याच बेल लॅब्जमधल्या ट्रान्झिस्टरवाल्यांना नोबेल मिळालं. चॅपिन यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत तरी यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तर घ्यायचंच असेल तर घडीचं, २५-३० वॉटचं पॅनेल वेगळं घ्या. पॅनेल उन्हात, बॅटरी सावलीत. ट्रेकला सॅकवर अडकवलंत तर पट्ट्याची सावली सांभाळा. सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एकावर सावली पडली की पाटात ढेकूळ अडकल्यासारखा पुढचा-मागचा सगळा प्रवाह तुंबतो.

दाट ढगांखाली या पॅनेलमधूनही दोन-तीन वॉटच मिळतील. फोन आणि एक एलईडी दिवा तेवढ्यावर निभावतो. पण वादळाचा इशारा आला, की पॉवरबँक आधी घरच्या प्लगवर पूर्ण भरून ठेवा.