बाटलीतला फेस : गूळ की साखर?

इंदूरच्या उन्हाळ्यात मी आल्याचं फसफसतं पेय घरी करते. बिअरला परवाना लागतो. बाटलीतल्या फेसाचं गणित मात्र दोन्हीकडे एकच. यीस्ट साखर खातं, घट्ट बुचामुळे वायू पेयातच मुरतो. 1 ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम वायू.

माझी आई कन्नड घरातली, तिचा कौल अर्थातच 'बेल्ला'ला. गुळाची चव छान, मान्य! पण त्यातली साखर आणि ओलावा ढेपेगणिक वेगळा, मापच लागत नाही. म्हणून साधी साखर : आल्याच्या गार काढ्यात लिटरला 8 ग्रॅम, काट्यावर तोलून, चिमूटभर यीस्टसह. चमच्याचा अंदाज नको, जास्त झाली तर बाटली फुटते. दोन-तीन दिवसांनी फ्रिजमध्ये. अल्कोहोल नाममात्र, तरी धाकट्यांना नकोच. गोडी हवी तर पेल्यात घालावी, बाटलीत नव्हे.