सीट उलटी करून बघा

घर सांभाळताना : भाग १४

मागच्या आठवड्यात फ्लशच्या टाकीतलं गळणं कसं थांबवायचं ते पाहिलं. आज त्याच भांड्यावरची सीट. विषय लहान आहे, पण माझ्या घरात तो एका पहाटे एकदम मोठा झाला.

आईने चाळीस वर्षं बांधीत वाकून रोवणा केला. सत्तरीला पोचेपर्यंत गुडघे असे धरले की उकिडवं बसणं बंद झालं. म्हणून जुना देशी संडास तसाच ठेवून शेजारी कमोड बसवला. तीन वर्षांनी एका पहाटे ती बसायला गेली आणि सीट डावीकडे सरकली. दाराची कडी हाताला लागली म्हणून थोडक्यात निभावलं. उजाडल्यावर मी सीट काढून पाहिली. वरून पांढरीशुभ्र, कुठे चरासुद्धा नाही. खाली, बिजागरीतला करंगळीएवढा प्लास्टिकचा बोल्ट मात्र मुळातून तुटलेला होता.

भंडारा जिल्ह्यात ही गोष्ट एकट्या माझ्या घरची नाही. हा धानाचा जिल्हा. पवनी असो की मोहाडी, लाखांदूर असो की साकोली, चिखलात वाकून झालेल्या कामाचा हिशेब म्हातारपणी गुडघे मागतात. स्वच्छ भारत मिशन २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालं आणि पात्र कुटुंबांना शौचालयासाठी १२,००० रुपये मिळाले. त्यातून गावोगाव उभे राहिले ते बहुतेक देशी भांड्याचे संडास, आणि ते योग्यच होतं. तीव्र उताराचं ते भांडं दीड-दोन लिटर पाण्यात स्वच्छ होतं. कमोड घरात आला तो पुढे, कुणाच्या तरी गुडघ्यांसाठी. म्हणजे आपल्याकडे सीटवर बसणारं माणूस बहुधा घरातलं सगळ्यात अशक्त माणूस असतं. सीट निवडताना ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, बाकीचे निर्णय सोपे होतात.

आधी माप

गावातून भंडारा किंवा तुमसरच्या दुकानापर्यंत जायचं, सीट आणायची आणि ती भांड्याला बसू नये, असं फार जणांचं होतं. त्यामुळे निघण्याआधी तीन मापं लिहून घ्या. पहिलं, भांड्याच्या मागच्या बाजूला बोल्टसाठी जी दोन भोकं असतात त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. ते बहुधा १५ ते १६ सेंटिमीटर भरतं. दुसरं, त्या भोकांच्या रेषेपासून भांड्याच्या पुढच्या काठापर्यंतची लांबी. तिसरं, भांड्याची सगळ्यात जास्त रुंदी.

मापाइतकाच आकार महत्त्वाचा. काही भांडी गोल, काही लांबट अंडाकृती, तर काही इंग्रजी डी अक्षरासारखी, म्हणजे मागे सरळ आणि पुढे गोलाई असलेली. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे भांड्यावर वर्तमानपत्र पसरून काठाची आणि दोन्ही भोकांची पेन्सिलीने खूण करायची आणि तो कागद दुकानात न्यायचा. नवी सीट त्या कागदावर ठेवून बघितली की शंका उरत नाही. सीट काठाच्या आत राहिली तर भार कडेवर येत नाही, आणि फार बाहेर आली तर एका बाजूला बसताना ती कलते.

मग प्लास्टिक

दुकानात मुख्यतः दोन जातींची सीट मिळते. एक पॉलिप्रॉपिलीनची, ज्याला दुकानदार नुसतं पीपी म्हणतो. ती हलकी, स्वस्त आणि लवचीक असते. हातातून पडली तरी सहसा फुटत नाही. पण तिच्यावर चरे लवकर पडतात, आणि पातळ असेल तर बसताना वाकते. हे वाकणं रोज बिजागरीवर ताण आणतं.

दुसरी युरिया-फॉर्मल्डिहाइडची, दुकानातली यूएफ. जुन्या पांढऱ्या विजेच्या बटणांचं प्लास्टिक याच जातीचं. एकदा साच्यात घट्ट झालं की ते तापवूनही पुन्हा वितळत नाही. सीट जड, कडक आणि चकचकीत असते. नखाने टिचकी मारली की चिनीमातीच्या कपासारखा आवाज येतो. चरे सहज पडत नाहीत, म्हणून मळ धरत नाही आणि पुसायला सोपी जाते. दोष एकच : फरशीवर आपटली तर तडकते.

लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची, वरून रंग दिलेली सीटही कुठे कुठे मिळते. आपल्याकडे न्हाणी आणि संडास बहुतेक एकाच खोलीत असतात आणि ती खोली दिवसभर ओली असते. रंगाचा एक टवका उडाला की आत पाणी शिरतं आणि फळी फुगते. ती घेऊ नका.

भाड्याच्या घरात, लहान मुलांच्या हाताखाली किंवा लग्नकार्यात गर्दी होणाऱ्या घरात जाड पीपी बरी. म्हाताऱ्या माणसासाठी आणि रोजच्या स्वच्छतेसाठी यूएफ घ्या. दोन्हींत आयएसआय चिन्ह शोधा. सीट आणि झाकणांसाठी भारतीय मानक आयएस २५४८ आहे. त्याचा भाग १ यूएफसारख्या कडक प्लास्टिकसाठी आणि भाग २ पीपीसारख्या प्लास्टिकसाठी.

आता उलटी करा

धान विकत घेणारा माणूस पोत्याच्या तोंडावरचे दाणे बघून भाव करत नाही. तो पोत्याच्या पोटात हात घालतो. सीटचंही तसंच. दुकानात सगळे वरची चकाकी बघतात, पण ती किती टिकेल हे खालच्या बाजूवर लिहिलेलं असतं.

पहिली नजर बिजागरीवर. सीट क्वचितच मधून मोडते, ती सुटते बिजागरीपाशी. बोल्ट आणि दांडी प्लास्टिकची असेल तर नको म्हणा. स्टेनलेस स्टील किंवा पितळ मागा. पितळ म्हणजे काय हे भंडाऱ्याला कुणी शिकवायला नको. या गावाची ओळखच पितळेच्या भांड्यांनी झाली. ओलीत पितळ काळवंडतं, हिरवट पडतं, पण लोखंडासारखं गंजून गळून पडत नाही.

दुसरी नजर रबरी गुटक्यांवर. सीटच्या खाली ते चार असावेत, जाड असावेत आणि आतपर्यंत बसवलेले असावेत, नुसते चिकटवलेले नसावेत. बसणाऱ्याचं वजन त्यांच्यातून भांड्यावर उतरतं. एक गुटका पडला की सीट डुलते, आणि डुलणारी सीट आज ना उद्या बोल्ट तोडते.

तिसरी नजर पोकळीवर. स्वस्त सीट खालून पोकळ असते आणि आत जाळीसारख्या पट्ट्या असतात. त्या कोपऱ्यांत उडालेलं पाणी आणि घाण साचते, ब्रश तिथे पोचत नाही आणि वास हटत नाही. खालून सपाट, बंद असलेली सीट एका फडक्याने पुसून होते.

चौथी गोष्ट, सीट सुटते कशी ते दुकानदाराला करून दाखवायला सांगा. काही सीटना बिजागरीपाशी बटण असतं. ते दाबलं की सगळी सीट हातात येते आणि मागची नेहमी राहून जाणारी जागा घासता येते. थोडे पैसे जास्त पडले तरी ही सोय घेण्यासारखी आहे.

हळूहळू बंद होणारी सीट यूएफच्या आयुष्याला चांगली, कारण ती आपटत नाही. मात्र तिला हाताने दाबून घाई करू नका. त्या जोरानेच आतली यंत्रणा निकामी होते. झाकण उघडल्यावर मागे नीट टेकतं का तेही बघा. टाकी किंवा पाइप आड आला तर ते आपोआप पुढे पडतं.

बसवणं आणि पुसणं

जुना नट गंजून अडला असेल तर तेल सोडून रात्रभर थांबा. तरीही हलला नाही तर करवतीच्या पात्याने बोल्ट कापा. हातोडा लावू नका, भांडं तडकेल. नवा बोल्ट रबरी वॉशरशिवाय बसवू नका. नट हाताने घट्ट करा आणि मग पान्याने पाव फेरा, बस. महिनाभराने एकदा पुन्हा तपासा.

भांडं धुण्याचं आम्ल भांड्यातच राहू द्या. बाजारातल्या पुष्कळ टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते स्टेनलेस स्टीललाही खातं. सीटला भांडी घासायचा साबण, कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. तारेची घासणी नको. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर पाणी घातलेल्या व्हिनेगरचं फडकं दहा मिनिटं ठेवा आणि धुऊन काढा. पितळेचं भांडं चिंचेने उजळतं, तसंच हेही सौम्य आम्लाचंच काम आहे. आणि एक कधीही करू नका : ब्लीच आणि आम्ल एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो.

घरात दृष्टी मंद झालेलं माणूस असेल तर पांढऱ्या भांड्यावर रंगीत सीट बसवा. रात्रीच्या उजेडात काठ ओळखू येतो. सवयीने पाय वर घेऊन सीटवर उकिडवं बसणाऱ्याला प्रेमाने थांबवा. ती तशा भारासाठी बनलेली नसते. पातळ झाकणावर बसून अंघोळ करणंही तितकंच धोक्याचं.

आमच्याकडे आता यूएफची सीट आहे, स्टीलच्या बोल्टची, निळ्या रंगाची. आईला रंग आधी पटला नव्हता. आता पहाटे दिवा न लावताही तिला ती दिसते. पुढच्या भागात भिंतीवरच्या आधाराच्या दांडीबद्दल बोलू, कारण सीट घट्ट असली तरी उठायला हात लागतो.

तोवर एक काम करा. आज घरातली सीट दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलवून बघा. हलली, तर उद्यावर टाकू नका.