गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकावा का?



आपल्या एका श्रोत्या ताईंचा प्रश्न आला आहे. त्या जुन्या पेट्रोल गाडीतून भाजी घेऊन खंबाटकी घाट चढतात. सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालते, पण ऊन वाढलं तसा घाटात तापमानाचा काटा लाल रेघेकडे जायला लागला. गॅरेजवाल्याने सांगितलं, "थर्मोस्टॅट काढून टाकतो. आपल्या उन्हात त्याची गरजच नाही." ताई विचारतात, काढू देऊ का?

ताई, काढू देऊ नका. का, ते सांगते.

इंजिन थंड राहावं असं आपल्याला वाटतं, पण इंजिनाला साधारण ९० अंशांच्या आसपासची ऊब लागते. तेवढ्या उबेतच ऑइल नीट पसरतं आणि पेट्रोल नीट जळतं. ही ऊब राखण्याचं काम थर्मोस्टॅट करतो. मुठीत मावेल एवढी ही झडप असते आणि तिच्या पोटात मेण भरलेलं असतं. इंजिन गार असताना झडप बंद असते आणि पाणी इंजिनातच फिरतं. पाणी तापलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं.

झडपच काढली तर पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिनाला तापायला फार वेळ लागतो. आजच्या गाड्यांतला कॉम्प्युटर इंजिन गारच आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतो, इंजिनाची झीज वाढते. काही इंजिनांत तर उलटंच होतं. तिथे हीच झडप उघडताना पाण्याची आतली आडवाट बंद करते. झडप नसली की बरंच पाणी त्या आडवाटेने रेडिएटर चुकवून परत इंजिनात येतं आणि गाडी आणखी तापते.

मग कमी अंशांचा थर्मोस्टॅट बसवावा का? थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या अंशाला झडप उघडायला लागते आणि पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात. पण एकदा पूर्ण उघडली की ७६ ची काय आणि ८८ ची काय, सारखीच. पुढे उष्णता बाहेर टाकायचं काम रेडिएटरचं. म्हणून गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडाच घ्या. सोबत नवी रबरी रिंग किंवा गॅसकेट घ्या. झडपेच्या कडेला बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असेल, तर ती बाजू वर ठेवून बसवायला सांगा. त्या भोकातून अडकलेली हवा निघते.

जुना थर्मोस्टॅट घरीही तपासता येतो. स्वयंपाकात पुन्हा वापरायचं नाही असं एखादं जुनं पातेलं घ्या. झडप दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. गार पाण्यात ती बंद असायला हवी आणि पाणी खळखळा उकळताना उघडलेली दिसायला हवी. तसं झालं नाही तर बदला.

ताईंची गाडी फक्त चढाला तापते. थर्मोस्टॅट बंदच अडकला असता तर ती सपाट रस्त्यावरही तापली असती. तेव्हा दोष बहुधा दुसरीकडे आहे. तो या क्रमाने शोधा.

आधी रेडिएटर. पुढच्या जाळीत धूळ, पाचोळा, किडे बसले की वारा आत जात नाही. गाडी गार असताना इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला हलक्या धारेने धुवा. जोराच्या फवाऱ्याने पात्या वाकतात.

मग पाणी. बोअरचं पाणी तापवलेल्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो ना? तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. म्हणून पुस्तकात सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये सांगितलेल्या प्रमाणात मिसळून भरा. नुसत्या रंगावरून कूलंट घेऊ नका. आणि हो, ते चवीला गोड पण विषारी असतं. मुलांपासून आणि कुत्र्यामांजरांपासून लांब ठेवा.

मग झाकण. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी समजा. दाब धरला की पाणी १०० अंशांना न उकळता त्याच्या बऱ्याच वर उकळतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो. रबर चिरलं असेल तर त्याच आकड्याचं नवं झाकण लावा.

शेवटी पंखा, पट्टा आणि वॉटर पंप. गॅरेजमध्ये पंपाला वॉटर बॉडी म्हणतात. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा फिरायला लागतो, त्यावरून पंख्याची परीक्षा होते. पट्टा सैल झाला किंवा पंपाखाली ओल दिसली तर लगेच दाखवा.

आणि घाटातच काटा चढला तर? एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावा आणि काचा खाली करा. हीटर हा लहान रेडिएटरच असतो, तो थोडी उष्णता ओढून घेतो. तरीही काटा लालपर्यंत गेला किंवा वाफ दिसली, तर गाडी सुरक्षित जागी कडेला घेऊन इंजिन बंद करा. तशीच रेटली तर हेड गॅसकेट जाते, हेड वाकतं, आणि तो खर्च नव्या थर्मोस्टॅटच्या कितीतरी पट असतो. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातू तडकतो.

सगळ्यात महत्त्वाचं, गरम झाकण उघडू नका. घाई असली, मागे हॉर्न वाजत असले, तरी नाही. प्रेशर आलेल्या कुकरचं झाकण आपण उघडत नाही ना? आतलं उकळतं पाणी तोंडावर येतं. निदान तासभर थांबा, इंजिन हाताला गार लागू द्या, मगच जाड फडकं टाकून हळूहळू उघडा.

तेव्हा ताई, गॅरेजवाल्या दादांना सांगा, "थर्मोस्टॅट राहू द्या, आधी रेडिएटर आणि पंखा बघा." गाडी तुमची आहे, विचारायचा हक्कही तुमचाच आहे.

नमस्कार.