एक यादी, शंभर यंत्रं

‘नेटवर्किंग? म्हणजे वायरी ओढत फिरणार का आमची मुलगी?’ महिला मंडळात एका आईनं परवा मला विचारलं. मैत्रिणींनो, हा गैरसमज अनेकींचा आहे. माझी भाची पुण्यात हेच काम करते, आणि तिचं बरंचसं काम यादी लिहिण्याचं आहे!

बँकेच्या शाखा, दवाखाने, कॉलेजं एकमेकांना जोडतात ते राउटर आणि स्विच. पूर्वी साधा पासवर्ड बदलायचा तरी प्रत्येक यंत्रात शिरून हातानं आज्ञा टाइप कराव्या लागत. शंभर यंत्रं म्हणजे जागरणच, आणि एखादं हमखास राहून जायचं. आमच्या बचत गटांत एकच सूचना दहा वह्यांत उतरवली की दहा तऱ्हा होतात, तसंच!

आता ‘प्लेबुक’ लिहितात. कोणत्या यंत्रांवर काय असायला हवं, याची सोप्या इंग्रजीतली यादी. ‘अँसिबल’ हे सॉफ्टवेअर ती वाचतं आणि सगळीकडे तसं करून टाकतं. नीट लिहिलेली यादी पुन्हा चालवली, तरी आधीच ठीक असलेल्या यंत्राला ते हात लावत नाही. मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये ते आणलं. ‘अँसिबल’ हा शब्द मात्र मुळात एका लेखिकेचा. उर्सुला ले ग्विन यांनी १९६६ च्या कादंबरीत दूरच्या ग्रहांवर क्षणात निरोप पोहोचवणाऱ्या यंत्राला हे नाव दिलं होतं.

पण यादी चुकली तर चूकही शंभर ठिकाणी पोहोचते. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते? फेसबुक, व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होतं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेनं त्यांचं अंतर्गत जाळंच तुटलं, आणि चूक अडवणाऱ्या तपासणीतही दोष होता. तिथे अँसिबलचा संबंध नव्हता, पण धडा तोच.

म्हणून भाची आधी नुसती तालीम घेते. काय बदलेल ते सॉफ्टवेअर दाखवतं, बदलत काहीच नाही. मग एका यंत्रावर, मग सगळ्यांवर. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय!

अँसिबल फुकट मिळतं, साध्या लिनक्स संगणकावर चालतं. नेटवर्कची मूळ माहिती मात्र शिकावीच लागते. तेव्हा लेकीनं हा कोर्स निवडला, तर वायरींच्या भीतीनं ‘नको’ म्हणू नका. नीटनेटकेपणा आणि दोनदा तपासायची सवय तिनं घरातच उचललेली असते.