लाकूड आणि लेथ (लेखांक ७) : बर्ल ओले कातावे की सुकवून?

काही झाडांच्या खोडावर किंवा मुळांच्या माथ्याशी जो गोलसर, खडबडीत फुगवटा वाढतो, त्याला लाकूडकामात ‘बर्ल’ म्हणतात. फांदी फुटते तिथल्या साध्या गाठीहून तो निराळा असतो; अनेक बर्लांमध्ये असंख्य सुप्त कळ्या एकमेकींना खेटून राहतात, त्यांच्या फांद्या कधीच होत नाहीत, आणि त्यांना वळसे घालत लाकडाचे तंतू वाट फुटेल तिकडे वळतात. कातलेल्या पृष्ठभागावर या कळ्या ‘डोळे’ म्हणून दिसतात. या नक्षीचे मोल फार जुने आहे : उत्तर आफ्रिकेतील ज्या झाडाच्या लाकडाच्या एका मेजासाठी सिसेरोने पाच लाख सेस्टर्स मोजल्याची नोंद रोमन लेखक प्लिनीने केली आहे, त्याच थुया वृक्षाच्या बर्लावर मोरोक्कोतील एसाउइरा येथील कारागीर आजही काम करतात.

बर्ल ओले कातावे की सुकवून, या प्रश्नाचे उत्तर लाकडातील पाण्यात आहे. हे पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या पोकळीत मोकळे आणि पेशींच्या भिंतींत बांधलेले. मोकळे पाणी निघून गेल्याने लाकडाचा आकार बदलत नाही. मात्र कोरड्या वजनाच्या तुलनेत ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरला, की भिंतींतील पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसते. सरळ तंतूंच्या लाकडात हे आकसणे वाढवलयांच्या दिशेने सर्वाधिक, गाभ्याकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या साधारण निम्मे आणि लांबीत अगदी नगण्य असते. म्हणूनच ओल्या लाकडाचा गोल वाडगा सुकताना लांबट होतो. बर्लात तंतूंना अशी एक दिशाच नसते. त्यामुळे वाडगा एका बाजूने लांबट न होता त्याच्या अंगावर सर्वत्र उंचसखलपणा येतो, आणि चिरेला सरळ धावण्यासाठी वाट सहसा मिळत नाही. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील मॅड्रोन या झाडाचे बर्ल सुकताना इतके आकसते, की पातळ भिंतीचे भांडे सुरकुतल्यासारखे दिसते. अनेक कारागीर हा परिणाम मुद्दाम साधतात. त्यासाठी ओल्या बर्लाची भिंत सर्वत्र सारखी आणि काही मिलिमीटर इतकी पातळ ठेवावी लागते, कारण जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या गतीने सुकले, तर त्यांच्या सांध्यावर ताण येतो.

ओल्या लाकडावर हत्यार सहज चालते, लांब ढलप्या निघतात आणि धूळ फारशी उडत नाही. सुकलेल्या बर्लात तंतू क्षणाक्षणाला दिशा बदलत असल्याने धार लवकर बोथट होते, तंतू उपटले जातात आणि बारीक भुगा हवेत राहतो. हा भुगा फुप्फुसांना घातक असल्याने मुखपट्टीशिवाय हे काम करूच नये. तरीही झाकणाची डबी करायची असेल, तर सुकलेल्या लाकडाला पर्याय नाही, कारण नंतर आकसलेल्या डबीवर झाकण नीट बसत नाही.

अखंड जाड बर्ल वर्षानुवर्षे सुकत ठेवणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग आहे. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि ताण असह्य झाला की बर्ल फाटते; विशेषतः जिथे साल आत अडकलेली असते तिथून. म्हणून वाडग्यासाठी दोनदा कातण्याची पद्धत अधिक विश्वासार्ह ठरते. ओल्या बर्लाचा वाडगा व्यासाच्या सुमारे दहाव्या भागाइतकी जाडी ठेवून, म्हणजे ३०० मिलिमीटर व्यासाला ३० मिलिमीटर भिंत ठेवून, कच्चा कातावा, त्यावर मेणाचा थर द्यावा आणि काही महिने सावलीत ठेवून नंतर अंतिम आकार द्यावा.

ओले असो वा सुके, बर्लात लपलेल्या पोकळ्या आणि सालीचे कप्पे असू शकतात आणि फिरताना तुकडा सुटून उडू शकतो. त्यामुळे चेहरा पूर्ण झाकणारे संरक्षक कवच वापरावे आणि सुरुवात कमी वेगाने करावी. कच्च्या वाडग्याच्या बुडाशी तारीख आणि वजन पेन्सिलने लिहून ठेवावे. सलग काही आठवडे वजन बदलले नाही, तरच तो पुन्हा लेथवर चढवावा.