लाइट गेल्यावरचा गेम

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा अनेकदा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. लष्कर भागातल्या घरात दुपारी लाइट गेली, की गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि गेम अडखळू लागतो. लॅपटॉप बिघडलेला नसतो. त्याचा अ‍ॅडॉप्टर बरेचदा २०० वॉटच्या घरातला. एवढा भार बॅटरीला झेपत नाही, म्हणून प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपचा वेग आपोआप उतरवला जातो.

अशा वेळी ‘हाय परफॉर्मन्स’ मोड लावून फारसं साधत नाही. मागणीच कमी करायला हवी. स्क्रीनचा रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवर आणा आणि गेम सेकंदाला ३० फ्रेमवर बांधा. प्रत्येक फ्रेम बरोबर दोन रिफ्रेश टिकते, हालचाल एकसारखी दिसते. २५ ते ५५ मध्ये हेलकावणाऱ्या फ्रेमपेक्षा हे कितीतरी सुखद.

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली, तर बहुतेक इंटेल लॅपटॉपवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. शेवटचा थोडासा वेग म्हणूनच सर्वांत महाग.

आणि उन्हाळ्यात लॅपटॉप गादीवर ठेवू नका. हवेची वाट अडून तो तापतो आणि लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते.